नंबरापासून चष्म्यापर्यंत

एक जुनं पोस्टकार्ड घ्या. टाचणीनं त्याला एकाखाली एक अशी दोन भोकं पाडा. दोन्हींच्या मध्ये मोहरीच्या दाण्याएवढं अंतर ठेवा, त्याहून जास्त नको. रात्री गच्चीवर जा. चष्मा असेल तर काढून ठेवा. एक डोळा मिटा, कार्ड दुसऱ्या डोळ्याला अगदी भिडवा आणि दोन्ही भोकांतून एकाच वेळी लांबच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे बघा.

दिवा एकच दिसला, तर त्या डोळ्याला लांबचा नंबर बहुधा नाही. एकाचे दोन दिसले, तर आहे. मला दोन दिसतात, एकावर एक, मध्ये काळोखाची बारीक फट. दुसरं एक कार्ड वरून हळूच खाली सरकवत मी वरचं भोक झाकतो. वरचा दिवा विझतो, खालचा राहतो. म्हणजे माझा नंबर उणे आहे, मला निकटदृष्टिता आहे. अधिक नंबर असणाऱ्या माणसानं वरचं भोक झाकलं, तर त्याचा खालचा दिवा जातो.

असं का होतं? लांबून येणारे किरण दोन भोकांतून दोन बारीक शलाका होऊन बाहुलीत शिरतात. डोळा निर्दोष असेल तर त्या दोन्ही दृष्टिपटलावर एकाच ठिकाणी पोचतात आणि दिवा एकच दिसतो. निकटदृष्टितेत त्या पटलाच्या अलीकडेच एकमेकींना छेदून पुढे फाकतात आणि दोन वेगवेगळ्या जागी पडतात. नंबर जितका मोठा, तितके ते दोन दिवे एकमेकांपासून लांब. ख्रिस्टोफ शायनर या जेझुइट धर्मगुरूनं, जो खगोलशास्त्रज्ञही होता, १६१९ मध्ये ‘ऑक्युलस’ या ग्रंथात ही युक्ती मांडली. दोन भोकांचं ते कार्ड आजही नेत्रशास्त्राच्या पुस्तकांत शायनरच्याच नावानं येतं.

आता पुढचा प्रश्न. दोन दिव्यांमधलं अंतर मोजता आलं, तर चष्म्याचा नंबर मिळेल. पण ते अंतर माझ्या डोळ्याच्या आत आहे, तिथे पट्टी लावता येत नाही. ते दोन दिवे मला हातानं सरकवता आले तर? मी ते एकमेकांवर आणून बसवीन, आणि किती सरकवावे लागले यावरून नंबर कळेल. रस्त्यावरचा दिवा काही सरकत नाही. मोबाइलच्या पडद्यावरची रेघ मात्र सरकते.

या एका कल्पनेतून २०१० मध्ये ‘नेत्रा’ नावाचं उपकरण जन्माला आलं. ज्या प्रयोगशाळेत ते झालं, तिचे प्रमुख होते नाशिकचे रमेश रासकर.

उलटं फिरवलेलं यंत्र

रासकरांचा जन्म नाशिकचा. अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या सीओईपीत झालं, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून त्यांनी संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. काही वर्षं मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या संशोधन प्रयोगशाळेत काढून २००८ मध्ये ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेले. तिथे ‘कॅमेरा कल्चर’ या गटाचं काम त्यांनी सुरू केलं. कॅमेरे, पडदे आणि प्रकाश हा गटाचा विषय होता. वैद्यकशास्त्राशी त्याचा थेट संबंध नव्हता.

डोळ्याचा नंबर अचूक मोजणारी यंत्रं तेव्हाही होती. त्यांतल्या एका प्रकाराचा प्रवास मोठा रंजक आहे. योहानेस हार्टमान या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं १९०० च्या सुमारास दुर्बिणीचं भिंग तपासायला भोकांची चकती वापरली. १९७१ मध्ये रोलंड शॅक यांनी भोकांच्या जागी बारीक भिंगांची जाळी बसवली. उपग्रहांचे फोटो काढताना हवेच्या थरथरीनं येणारा धूसरपणा त्यांना मोजायचा होता. १९९४ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला हेच तंत्र माणसाच्या डोळ्यावर लावलं गेलं. डोळ्यात मंद लेझर सोडायचा, पटलावरून परतलेला प्रकाश भिंगांच्या जाळीतून कॅमेऱ्यावर घ्यायचा आणि ठिपके आपल्या जागेवरून किती हलले ते मोजायचं. पद्धत अचूक आहे, पण तिला लेझर लागतो, कॅमेरा लागतो, डोकं स्थिर ठेवायला हनुवटीचा टेकू असलेलं टेबल लागतं. हे टेबल पाड्यावर नेता येत नाही.

रासकर, ब्राझीलहून आलेला विद्यार्थी विटोर पाम्प्लोना, त्याचे तिथले मार्गदर्शक मानुएल ऑलिव्हेरा आणि गटातले अंकित मोहन यांनी ही सगळी वाट उलटी चालून पाहिली. प्रकाश डोळ्यातून बाहेर काढून कॅमेऱ्यानं टिपण्याऐवजी तो पडद्यावरून आत पाठवायचा आणि मोजणीचं काम डोळ्याच्या मालकालाच द्यायचं. मोबाइलच्या पडद्यावर एक छोटा प्लास्टिकचा तुकडा लावायचा. आत डोकावलं की एक लाल आणि एक हिरवी रेघ दिसते. नंबर नसेल तर त्या एकमेकींवर बसलेल्या दिसतात. नंबर असेल तर बाजूला सरकलेल्या. बटणं दाबत दाबत त्या जुळवायच्या. मग रेघा थोड्या फिरतात, दुसऱ्या कोनात पुन्हा जुळवायच्या. असं वेगवेगळ्या कोनांत केलं की साधा नंबरही मिळतो आणि दृष्टिवैषम्य, म्हणजे ज्याला आपण ‘सिलिंड्रिकल नंबर’ म्हणतो, तोही मिळतो. किती वेळा बटण दाबलं यावरून उत्तर निघतं. लेझर नाही, कॅमेरा नाही, हलणारा एकही भाग नाही.

शोधनिबंध २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘सिग्राफ’ परिषदेत मांडला गेला. ही परिषद संगणकावरच्या चित्रांची, डोळ्यांच्या डॉक्टरांची नव्हे. प्लास्टिकच्या त्या तुकड्याचा खर्च सुमारे दोन डॉलर, तेव्हाच्या भावानं शंभर रुपयांच्या आत, म्हणून जगभर त्याची बातमी झाली. वेळही जुळून आली होती. रेघ किती बारीक पावलांनी सरकते, हे पडद्यावरचे ठिपके किती दाट आहेत यावर ठरतं, आणि त्याच वर्षी एका इंचात ३२६ ठिपके असलेला फोन बाजारात आला होता. जगाला संवादासाठी हवा असलेला पडदा आपोआप मोजमापाचं साधन बनत चालला होता.

खाकी कव्हरातली चिठ्ठी

इथे मला माझी शाळा आठवते. दिंडोरी तालुक्यातलं आमचं गाव. सातवीत असताना, गणपतीनंतर, डोळे तपासायला पथक आलं. फळ्याशेजारी अक्षरांचा तक्ता टांगला, एकेकाला उभं केलं. माझी तिसरी ओळ चुकली. मग एका ताईंनी डोळ्यांवर जड गोल फ्रेम चढवली आणि एकेक काच घालून ‘आता? आणि आता?’ असं विचारलं. एक काच बसली आणि खिडकीबाहेरच्या लिंबाची पानं सुटी सुटी दिसली. झाड लांबूनही पानापानानं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी ती फ्रेम काढून घेतली आणि हातात चिठ्ठी दिली. तिच्यावर माझा नंबर होता.

ती चिठ्ठी मराठीच्या पुस्तकाच्या खाकी कव्हरात आठ महिने राहिली. आधी द्राक्षबागेची ऑक्टोबरची छाटणी होती, मग फवारण्या, मग खुडा. तालुक्याला जाऊन चष्मा करायचा म्हणजे वडिलांचा एक दिवस मोडायचा, काचा घासून झाल्यावर आणायला दुसरा दिवस. चष्मा आला तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. तोवर फळ्यावरचं सगळं मी शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतलं.

तपासणी चोख झाली होती. नंबर बरोबर होता. तरी मला आठ महिने दिसत नव्हतं. संशोधनाचं रूपांतर उद्योगात कसं होतं, याबद्दल मी पुढे जे काही वाचलं, ते या चिठ्ठीला लावून पाहिलं. प्रयोगशाळा नंबर शोधते. माणसाला चष्मा हवा असतो. या दोहोंच्या मधली वाट आखणं आणि ती रोज चालत राहणं हे कंपनीचं काम.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दृष्टीवरचा जागतिक अहवाल काढला. जगात किमान २२० कोटी लोकांना जवळचं किंवा लांबचं नीट दिसत नाही, आणि त्यांतल्या किमान १०० कोटींचा त्रास टाळता आला असता किंवा अजून त्यावर उपचार व्हायचे आहेत, असं तो सांगतो. त्यांत मोठा वाटा अशांचा आहे, ज्यांना फक्त चष्मा हवा आहे. चष्मा ही शेकडो वर्षं जुनी वस्तू आहे. अडलंय ते पोचण्यात.

तुकड्याची पेटी झाली

२०११ मध्ये ‘आयनेत्रा’ ही कंपनी उभी राहिली. पाम्प्लोना आणि रासकर संस्थापकांमध्ये होते. पुढे विनोद खोसला यांच्या गुंतवणूक संस्थेनं तिच्यात पैसे घातले. त्यानंतर उपकरणाचं जे झालं, ते विद्यापीठातल्या प्रत्येक संशोधकानं नीट पाहण्यासारखं आहे.

दोन डॉलरचा तुकडा कुठल्याही फोनला लावता येईल, ही निबंधातली मोहक गोष्ट होती. बाजारात तीच अडचणीची. प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, ठिपक्यांची दाटी वेगळी, वरच्या काचेची जाडी वेगळी. हात थरथरतो, बाजूनं उजेड शिरतो. शिवाय तरुण डोळा जवळची वस्तू दिसली की आतलं भिंग फुगवतो, आणि त्यामुळे उणे नंबर खोटाच वाढून येऊ शकतो. त्यामुळे कंपनीचं उपकरण दुर्बिणीसारखं दोन्ही डोळ्यांना लावायचं झालं, आणि ठरावीक फोन त्यात बसवला जाऊ लागला.

त्याच्या जोडीला आणखी दोन उपकरणं आली. एक जुन्या चष्म्याचा नंबर ओळखणारं, दुसरं वेगवेगळे नंबर लावून ‘हे बरं की ते’ असं विचारता येईल असं. कारण सोपं आहे. चष्मा देणारा माणूस नुसता नंबर मोजून थांबत नाही. आधी तो तुमचा जुना चष्मा मागून घेतो, मग मोजतो, आणि शेवटी तुमच्याच तोंडून खात्री करून घेतो. शाळेतल्या त्या ताईंनी काच घालून ‘आता?’ विचारलं, ती हीच शेवटची पायरी. निबंधाला मधल्या पायरीचं उत्तर पुरलं. धंद्याला तिन्ही पायऱ्या लागल्या, आणि तुकड्याची पेटी झाली.

मग पैसे कोण देणार? २०१५ मध्ये कंपनीनं न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लिंक’ नावाची सेवा सुरू केली. ७५ डॉलर घेऊन प्रशिक्षित माणूस ही पेटी घेऊन घरी किंवा कचेरीत येई, तपासणी करी, आणि परवाना असलेला नेत्रपरीक्षक आकडे पाहून चष्म्याची चिठ्ठी देई. गरजूंसाठी सुचलेली वस्तू आधी मॅनहॅटनला पोचली, हे वाचून हळहळ वाटते. मलाही वाटली. पण कंपनीला माणसांचे पगार द्यायचे असतात, आणि वस्तू रोज वापरून घासून-पुसून सुधारायची असते. पैसे मोजणारं पहिलं गिऱ्हाईक कुठे भेटेल हे संशोधक ठरवू शकत नाही. ते भेटल्यावर गरजवंताकडे परत कसं जायचं, हे मात्र त्यानं पहिल्या दिवसापासून ठरवून ठेवायला हवं.

नेत्रपरीक्षकाची सही कशाला, असंही कुणी विचारेल. नंबर काढणारं यंत्र डोळा तपासत नाही म्हणून. काचबिंदू बहुतेकदा न दुखता, न खुपता वर्षानुवर्षं दृष्टी कुरतडत राहतो. तो डोळ्याचा दाब मोजून आणि आतली नस पाहून कळतो. नंबर बरोबर आला म्हणून माणूस निर्धास्त घरी गेला आणि काचबिंदू राहून गेला, तर जबाबदारी कुणाची? शोधनिबंधात हा प्रश्न येत नाही. वैद्यकीय वस्तू विकणाऱ्याला तो रोज पडतो.

२०१६ मध्ये रासकरांना पाच लाख डॉलरचं लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळालं. त्यातली काही रक्कम तरुण संशोधकांना घडवण्यासाठी वापरण्याचा मनोदय त्यांनी तेव्हा सांगितला.

चार उंबरठे

आपल्याकडच्या विद्यापीठात असं काही सुचलं, तर वाटेत चार उंबरठे लागतात.

पहिला पेटंटचा. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यानं सरकारी पैशातून झालेल्या शोधाचा हक्क विद्यापीठाला ठेवता येऊ लागला. भारतात तशा धर्तीचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण कायदा झाला नाही. त्यामुळे शोध कुणाचा, हे प्रत्येक संस्थेच्या धोरणावर ठरतं. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणानं प्राध्यापक-विद्यार्थ्यांना कंपनी काढायला वाट मोकळी करून दिली. नवख्याची चूक इथे ठरलेली असते: आधी परिषदेत शोध सांगायचा आणि मग पेटंटचा अर्ज भरायचा. जाहीर झालेली गोष्ट कायद्याच्या नजरेत बहुतेक वेळा नवी राहत नाही. आधी तात्पुरता अर्ज टाकावा, पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. आणि हेही ध्यानात ठेवावं की आपल्या कायद्यात निदानाच्या पद्धतीला पेटंट नाही. यंत्राला मिळू शकतं.

दुसरा उंबरठा पुराव्याचा. चष्म्याच्या काचा पाव-पाव नंबराच्या फरकानं मिळतात. तुमचं यंत्र त्या मापाच्या आसपास उतरतं का, हे मित्रांच्या डोळ्यांवर सिद्ध होत नाही. नैतिकता समितीची परवानगी घेऊन, रुग्णांची लेखी संमती घेऊन, प्रस्थापित पद्धतीशी तुलना करावी लागते. दोन परीक्षकांना एकमेकांचे आकडे दिसता कामा नयेत. लहान मूल, मोतीबिंदू झालेली आजी, कधी स्क्रीनला हात न लावलेला शेतमजूर, हे सगळे त्यात हवेत. रेघा जुळवायला समजूत लागते. रेटिनोस्कोपनं डोळ्यात प्रकाशाची तिरीप फिरवून नंबर काढणाऱ्याला रुग्णाच्या उत्तराची गरजच नसते. नव्या यंत्राची मर्यादा अशा ठिकाणी उघडी पडते, आणि ती रुग्णाआधी आपल्याला कळलेली बरी.

तिसरा परवान्याचा. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. जोखमीप्रमाणे उपकरणांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. हृदयाची कृत्रिम झडप सर्वांत वरच्या जोखमीची. खालच्या दोन वर्गांचा उत्पादन परवाना राज्याकडून, वरच्या दोन वर्गांचा केंद्राकडून मिळतो. म्हणजे कमी जोखमीची वस्तू बनवणाऱ्याला अन्न व औषध प्रशासनाचं दार ठोठावायचं असतं. तिथे यंत्राबरोबर वह्याही तपासल्या जातात: कच्चा माल कुठून आला, कुठल्या तुकडीत काय बिघडलं, ते कसं दुरुस्त केलं. अभियंत्यांना हे कारकुनी काम वाटतं. एखाद्या तुकडीत दोष निघाला की ती कुणाकुणाकडे गेली, हे फक्त त्या वह्याच सांगू शकतात.

चौथा पैशाचा. बायरॅक ही केंद्र सरकारची जैवतंत्रज्ञान उद्योगाला हात देणारी संस्था २०१२ पासून काम करते. तिच्या ‘बिग’ योजनेत नुसत्या कल्पनेचा नमुना बनवायला ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. नमुना झाल्यापासून पहिल्या शंभर विक्रीपर्यंतचा पल्ला त्याहून खडतर असतो. बँकेला तारण हवं असतं, गुंतवणूकदाराला गिऱ्हाईक. तुमच्याकडे तेव्हा दोन्ही नसतात.

हे उंबरठे एकट्यानं ओलांडता येत नाहीत, हे ओळखून आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये प्रा. बी. रवी यांच्या पुढाकारानं आणि राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळावर ‘बेटिक’ हे केंद्र सुरू झालं. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी त्याला जोडली गेली. डॉक्टर, अभियंते आणि रचनाकार एका टेबलाशी बसतात, आणि गरज रुग्णालयात जाऊन शोधली जाते. तिथून निघालेल्या आयु डिव्हाइसेस कंपनीचं ‘आयुसिंक’ डॉक्टरांच्या नेहमीच्या स्टेथोस्कोपलाच जोडता येतं. ते आवाज मोठा करतं आणि दूर पाठवतं. करोनाच्या काळात रुग्णापासून लांब राहून छाती ऐकायला ते कामी आलं. गळ्यातला जुना स्टेथोस्कोप त्यांनी टाकायला लावला नाही, म्हणून डॉक्टरांनी नवी वस्तू जवळ केली.

गोदाकाठी काय आहे

आता नाशिककडे बघू. रासकरांनी एमआयटीच्या सहकाऱ्यांना घेऊन २०१५ च्या सिंहस्थाआधी इथे ‘कुंभथॉन’ भरवलं. विद्यार्थी, डॉक्टर, अधिकारी, उद्योजक एकत्र बसले आणि लाखोंच्या गर्दीत काय काय अडतं, याची यादी घेऊन कामाला लागले. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले होते, ती जखम शहर विसरलेलं नव्हतं. या शिबिरांतून नीलय कुलकर्णी या शाळकरी मुलाची ‘आशिओटो’ ही पावलं मोजणारी चटई पुढे आली आणि २०१५ मध्ये प्रत्यक्ष गर्दीत वापरली गेली. टीसीएस फाउंडेशनचं ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र त्याच लाटेतून नाशकात उभं राहिलं. आता २०२७ चा सिंहस्थ समोर आहे.

आणखीही बळ आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून नाशकात आहे, आणि राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, परिचर्या महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. एम.डी., एम.एस. करणारा प्रत्येक जण प्रबंध लिहितो, त्यांतले पुष्कळ जण खऱ्या रुग्णांना तपासून. आपल्या माणसांना नेमकं काय होतं, कुठे उशीर होतो, कुठलं साधन अपुरं पडतं, हे त्या प्रबंधांत मोजून ठेवलेलं असतं. पुष्कळसे प्रबंध कपाटात जातात. कुणी अभियंता ते वाचायला बसला, तर त्याला दहा वर्षांचं काम मिळेल.

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत इंधनाच्या नोझलचं भोक मायक्रॉनमध्ये घडवणारे हात आहेत. साचा बनवणारे आहेत, सर्किट जोडणारे आहेत. आणि काही तासांच्या आत गाठता येतील असे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरचे पाडे आहेत, जिथे यंत्राची खरी परीक्षा होईल. प्रश्न, प्रबंध, कारखाना आणि रुग्ण एका जिल्ह्यात. मॅसॅच्युसेट्सच्या प्रयोगशाळेला यातलं शेवटचं विमानानं गाठावं लागलं होतं.

म्हणून इथल्या एखाद्या विद्यार्थ्याला वैद्यकीय स्टार्टअप काढायचा असेल, तर यंत्रापासून सुरुवात करू नकोस, असं मी त्याला सांगेन. आधी एक आठवडा तपासणी पथकाच्या गाडीतून फिर. कुणाला चिठ्ठी मिळाली ते लिहून घे, आणि तीन महिन्यांनी त्याच शाळांत परत जाऊन किती मुलांच्या नाकावर चष्मा आहे ते मोज. नसेल तर का नाही, हे आईबापांना विचार. कुणी सांगेल दुकान लांब, कुणी सांगेल हंगाम, कुणी सांगेल मुलीला चष्मा लागला म्हणून लग्नाची काळजी. यातल्या एकेका उत्तराला वेगळं यंत्र लागेल, आणि एखाद्याला यंत्र लागणारच नाही. तयार नंबरांच्या काचा आणि फ्रेमची पेटी गाडीतच ठेवली, तर पुष्कळ मुलं त्याच दिवशी चष्मा घालून वर्गात जातील.

लाल आणि हिरवी रेघ एकमेकींवर आणायची युक्ती एका नाशिककराच्या प्रयोगशाळेनं जगाला दिली. माझ्या खाकी कव्हरातले आठ महिने अजून कुणी संशोधनाचा विषय म्हणून हातात घेतलेले मी पाहिले नाहीत. ते आठ महिने आठ मिनिटांवर आणणारी कंपनी नाशकात निघावी, आणि तिच्या पहिल्या चष्म्यातून एखाद्या मुलानं खिडकीबाहेरच्या लिंबाची पानं बघावीत.